शहरातल्या पोरांना सरकारी काम दिलं तर नक्की काय होतं?

सोलापुरातला नोकरी नसलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा घरात बसून असतो असं समजू नका. तो यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरतो, माग बंद असले की लग्नात वाढपी म्हणून जातो, संध्याकाळी कुणाची तरी रिक्षा फिरवतो, आणि एवढं करून महिनाअखेर हातात काही राहत नाही. हे आधी सांगायचं कारण म्हणजे शहरी रोजगार योजनांवर जो अभ्यास झालाय त्याची सगळी गोम इथंच आहे.

आपल्याला ही कल्पना नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीनं लाखो घरं तारली, वि. स. पागेंच्या त्या योजनेचा १९७७ ला कायदा झाला आणि २००५ ला देशभराचा मनरेगा आला. पण भर सगळा गावांवर. केरळनं २०१० ला आणि राजस्थाननं २०२२ ला शहरांसाठी स्वतःच्या योजना काढल्या, आपली शहरं मात्र अजून बाहेरच आहेत.

आयव्हरी कोस्टमध्ये २०११ च्या यादवीनंतर १८ ते ३० वयाच्या शहरी पोरापोरींना सात महिने रस्ते सफाई-दुरुस्तीचं काम दिलं, सरकारी किमान वेतनावर. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त आले म्हणून सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या, आणि त्यामुळे संशोधकांना आयती तुलना मिळाली, कारण चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले यांच्यात नशीब सोडून दुसरा फरकच नव्हता. निघालं काय? काम करणाऱ्यांची संख्या फारशी वाढलीच नाही, कारण बहुतेक जण आधीपासून काही ना काही करत होते. कमाई वाढली, पण मिळालेल्या मजुरीएवढी नाही, जुनं काम सोडावं लागलं ना. मन मात्र बरंच सावरलं. योजना संपून वर्ष-सव्वा वर्षानं पाहिलं तर बचत टिकून होती, कमाईतला फरक थोडाच, आणि नोकरीत काहीच नाही.

एवढंच वाचलं तर वाटतं, मग कशाला करायचं हे?

पण इथिओपियाच्या अदिस अबाबामध्ये संशोधकांनी एकेका माणसाऐवजी अख्ख्या वस्त्यांची तुलना केली. तिथंही आधी कुठल्या वस्तीत काम सुरू करायचं ते चिठ्ठीनंच ठरलं होतं. कामं साधीच, झाडलोट, गटारी वगैरे. लोक सरकारी कामाला लागले तसे खासगी मजुरीसाठी हात कमी पडले, आणि योजना शहरभर लागू झाल्यावर खासगी मजुरी १८.६ टक्के वाढते असा हिशोब निघाला. म्हणजे ज्यानं सरकारी फावडं हातातही धरलं नाही त्यालाही फायदा. ही वाढलेली मजुरी आणि सुधारलेली वस्ती धरली तर गरिबांचा एकूण फायदा, ती न धरता केलेल्या हिशोबाच्या सहापट भरतो!

मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, आणि सोलापुरात तर जास्तच, कारण इथं मजुरी पीसवर ठरते आणि समोर दुसरं काम नसलं की भाव करायला तोंडच नसतं. कारखानदारांना ते जड जाईल हेही खरं, चादर-टॉवेलच्या धंद्यात मार्जिन आधीच तुटपुंजं आहे, त्यामुळे विरोध होणार. तरी मी मजुरांच्या बाजूनं आहे.

मग इथं काय करायचं? पावसाच्या आधी दोन-अडीच महिने नाले आणि वस्तीतल्या गटारी, नंतर झाडं, तलावांचे काठ. मजुरी थेट खात्यात, म्हणजे बचतीला सुरुवात तरी होते. आणि पोरींचा विचार पहिल्यापासून, कारण विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, वीस-बावीस वर्षांची आई घरी बसून विड्या वळते ती हौसेनं नाही, लेकरू कुणाकडं ठेवणार? मनरेगाच्या कायद्यात सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आयांबरोबर कामाच्या जागी आली तर त्यांना सांभाळायला त्यातलीच एक बाई मजुरीवर नेमायची असं स्पष्ट लिहिलं होतं. शहरी योजना आखताना ते कलम जसंच्या तसं उचलावं, आणि कामाची जागा घरापासून चालत जाण्याएवढीच ठेवावी, नाहीतर रिक्षाभाड्यातच निम्मी मजुरी जायची.