महिला कोटा: टक्केवारीच्या पुढची गोष्ट

स्त्रियांना मत मिळाले म्हणून सभागृहाचे दार उघडले, असे झाले नाही. न्यूझीलंडने १८९३ मध्ये मताधिकार दिला, पण निवडणूक लढवण्याची मुभा मिळायला १९१९ उजाडले आणि पहिली महिला खासदार निवडून यायला १९३३. फिनलंडने १९०६ मध्ये दोन्ही हक्क एकदम दिले. पुढच्याच वर्षी २०० पैकी १९ जागांवर स्त्रिया आल्या.

खरी अडवणूक तिकीटवाटपात होते. नॉर्वेच्या मजूर पक्षाने १९८३ मध्ये आपणहून उमेदवारांत स्त्री-पुरुष प्रत्येकी किमान ४० टक्के हवेत, असा नियम घातला. सगळ्याच पक्षांना कायद्याने बांधण्यात अर्जेंटिना पुढे होता. १९९१ च्या कायद्यानुसार पक्षाच्या उमेदवार यादीत किमान ३० टक्के महिला हव्या होत्या, त्याही निवडून येण्याजोग्या क्रमांकावर; नाहीतर यादीच नामंजूर होई.

तरी पळवाट निघालीच. तिथे मत पक्षाच्या यादीला पडते आणि जागा वरून खाली भरल्या जातात. पक्ष पुरुष, पुरुष, महिला असा क्रम लावत. कागदावर तिनात एक महिला, हिशेब चोख. पण पक्षाच्या वाट्याला दोनच जागा आल्या की ती बाहेर. ही फट बुजवायला २००० मध्ये नवा आदेश काढावा लागला.

कोस्टा रिकाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १९९६ च्या कायद्यात ४० टक्के होते, क्रमांकाची अट नव्हती. १९९८ मध्ये महिला खासदार १९ टक्के. पुढच्या वर्षी निवडणूक न्यायाधिकरणाने निवडून येण्याजोग्या जागांची सक्ती केली आणि २००२ मध्ये प्रमाण ३५ टक्क्यांवर गेले. कोटा तोच होता.

फ्रान्सने २००० मध्ये समान उमेदवारीचा कायदा केला. संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी मात्र एका मतदारसंघात पक्षाचा एकच उमेदवार, त्यामुळे यादीचा क्रम लावायचा प्रश्नच नाही. उरला फक्त दंड. स्त्री-पुरुष उमेदवारांच्या टक्केवारीतल्या फरकाच्या निम्म्याने पक्षाला मतांच्या प्रमाणात मिळणारा सरकारी अनुदानाचा पहिला हिस्सा कापायचा. म्हणजे ४० टक्के महिला, ६० टक्के पुरुष असतील तर कपात १० टक्के. मोठ्या पक्षांनी दंड सोसणे पसंत केले. २००२ मध्ये महिला जेमतेम १२ टक्के निवडून आल्या. पुढे ही कपात वाढवत न्यावी लागली.

मेक्सिकोत २००९ मध्ये तर निवडून आलेल्या काही महिलांनी लगेच रजा घेऊन जागा पर्यायी पुरुष सदस्यांना (मूळ सदस्य रजेवर गेल्यास जागा घेणाऱ्यांना) दिल्या. २०११ मध्ये निवडणूक न्यायालयाने बजावले: महिला उमेदवाराचा पर्यायी सदस्यही महिलाच हवा.