फाईल गहाळ झाली की केली?

मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, रोज विरार ते चर्चगेट. एका शुक्रवारी संध्याकाळी ते "गोपनीय" शिक्का असलेली एक फाईल घरी घेऊन निघाले, कारण सोमवारी सकाळी साहेबांना टिपणी हवी होती आणि ऑफिसात दिवसभर फोन आणि माणसं, शांतपणे लिहायला मिळायचंच नाही. बॅग रॅकवर ठेवली, बोरिवलीनंतर डोळा लागला, विरारला गर्दीच्या रेट्याबरोबर उतरले, जिना चढून रिक्षापर्यंत गेले आणि तिथे पैसे काढायला हात खांद्याकडे गेला तर बॅगच नाही. सोमवारी दुपारी कारणे दाखवा नोटीस हातात. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, "सदर नस्ती आपण हेतुपुरस्सर गहाळ केली काय?" बाबा ते वाचून दोन दिवस नीट जेवले नव्हते.

"गहाळ झाली" आणि "गहाळ केली" यात एकाच क्रियापदाचा फरक आहे, पण सगळा खटला त्या फरकात बसतो. आपल्या मराठीत अशा जोड्या ढिगाने आहेत. आग लागली की लावली, पेपर फुटला की फोडला, कप पडला की पाडला. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, मजलेच्या मजले आणि फायलींचे गठ्ठे जळाले, माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी लोकलच्या प्रत्येक डब्यात लोक हेच विचारत होते, लागली की लावली? कुणाकडेच काही माहिती नव्हती, तरी प्रत्येकाचं मत तयार होतं. मत इतकं झटकन का तयार होतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय.

केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोघींनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला. एका हॉटेलात एका बाईच्या हातून मेणबत्ती कलंडून आग लागते, असा वृत्तांत लोकांना वाचायला दिला. घटना तीच, फक्त काहींच्या कागदावर "तिने मेणबत्ती पाडली" अशा धाटणीची वाक्यं आणि काहींच्या कागदावर "मेणबत्ती पडली" अशी. पहिलं वाचणाऱ्यांनी त्या बाईला जास्त दोष दिला आणि तिच्याकडून भरपाईही जास्त मागितली. म्हणजे नोटीस लिहिणारा कारकून "केली" लिहितो की "झाली" लिहितो, तिथेच चौकशीचा कल अर्धा ठरून जातो, चौकशी अधिकाऱ्याला पत्ताही नसताना.

दुसरा गोंधळ परिणामावरून हेतू ओळखण्याचा. जोशुआ नोब यांचा २००३ चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत बसलेल्या लोकांना गोष्ट सांगितली की कंपनीच्या चेअरमनला हाताखालचा माणूस म्हणतो, या योजनेने नफा वाढेल पण पर्यावरणाचं नुकसान होईल, आणि चेअरमन म्हणतो, मला पर्यावरणाशी काही देणंघेणं नाही, नफा हवा, सुरू करा. नुकसान होतं. त्याने ते मुद्दाम केलं का? ८२ टक्के लोक म्हणाले हो. मग दुसऱ्या गटाला हीच गोष्ट सांगितली, फक्त "नुकसान" ऐवजी "फायदा". चेअरमनचं उत्तर तेच, देणंघेणं नाही. त्याने पर्यावरणाचा फायदा मुद्दाम केला असं म्हणणारे निघाले फक्त २३ टक्के. चेअरमनच्या डोक्यात दोन्ही वेळा एकच गोष्ट होती, बदलला तो परिणाम, आणि आपण मात्र परिणाम बघून त्याच्या डोक्यात काय होतं ते ठरवतो. हरवलेली फाईल शत्रूच्या हाती पडली तर साहेब गद्दार, आणि तीच फाईल हमालाला सापडून परत आली तर साहेब विसराळू.

याला जोडून येते ती "तेव्हाच कळायला हवं होतं" ही खोड. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये यासाठी चक्क आपल्याकडचा इतिहास वापरला, १८१४ च्या सुमाराचं इंग्रज-गुरखा युद्ध. लोकांना युद्धाचं वर्णन दिलं, आणि काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना काहीच नाही. ज्यांना जो निकाल सांगितला होता त्यांना तोच आधीपासून जास्त शक्य होता असं वाटलं. चौकशी नेहमी निकाल कळल्यानंतरच बसते, त्यामुळे चौकशी करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हा दोष आधीपासून बसलेला असतो, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

आता कायद्याकडे येऊ. हेतू हा एकच प्रकार नाही, त्याला पायऱ्या आहेत. सगळ्यात वर, हेच व्हावं म्हणून करणं. त्याखाली, हे होणार हे माहीत असून करणं. त्याखाली, होऊ शकतं हे दिसत असून पर्वा न करणं. आणि तळाला निष्काळजीपणा, म्हणजे दिसायला हवं होतं पण दिसलंच नाही. आपला शासकीय गुपिते कायदा १९२३ चा, इंग्रजांनी केलेला आणि अजून चालू. त्यातलं कलम ३ हेरगिरीचं, आणि तिथे देशाला बाधक हेतू दाखवणारं एखादं ठरावीक कृत्य सिद्ध करायचीही गरज नाही, परिस्थिती, वागणूक आणि माणसाचा माहीत असलेला स्वभाव यावरून हेतू काढता येतो असं लिहिलंय. स्वभाव! मला हे वाचताना खरंच भीती वाटते, कारण वर सांगितलेले सगळे प्रयोग नेमकं हेच सांगतात की स्वभावावरून आणि परिणामावरून हेतू काढण्यात आपण किती कच्चे आहोत. कलम ५ मध्ये तर गुप्त कागदाची वाजवी काळजी न घेणं हाही गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तिथे गाडीत बॅग विसरणाराही येऊ शकतो.

अमेरिकेतही १९१७ च्या हेरगिरी कायद्यात असंच एक कलम आहे, घोर निष्काळजीपणाचं. पण १९४१ साली गोरिन खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा संदिग्ध नाही असं म्हटलं ते मुख्यतः त्यात वाईट हेतूची अट आहे या आधारावर, आणि म्हणून तिथले सरकारी वकील नुसत्या निष्काळजीपणावर केस उभी करायला कचरतात. ५ जुलै २०१६ ला एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना वापरलेल्या खासगी ईमेल सर्व्हरबद्दल जे जाहीर केलं ते यातूनच आलं. सुमारे ३०,००० ईमेल तपासले, त्यातल्या ११० मध्ये पाठवताना किंवा मिळताना गोपनीय असलेली माहिती होती, वागणं अत्यंत बेपर्वा होतं, पण खटला भरण्याची शिफारस नाही. कारण आधीच्या खटल्यांमध्ये यातलं काहीतरी सापडलं होतं: स्पष्ट जाणीवपूर्वक कृत्य, किंवा हेतूच असावा असं वाटण्याइतका प्रचंड साठा उघड्यावर, किंवा देशाशी बेइमानीच्या खुणा, किंवा तपासात अडथळे आणणं. अर्धी अमेरिका या निर्णयावर संतापली, अर्धीने सुटकेचा श्वास टाकला, पण या चार गोष्टी नीट बघा, त्यातली एकही डोक्याच्या आतली नाही. सगळ्या बाहेर दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या.

हेतू सिद्ध होतो तो असाच, मागे राहिलेल्या खुणांवरून. सँडी बर्गर, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, यांनी २००३ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातून गोपनीय कागद बाहेर नेले. विसरून खिशात राहिले असं म्हणता आलं असतं, पण कागद बांधकामाच्या ट्रेलरखाली लपवले होते आणि काही प्रती कात्रीने कापून टाकल्या होत्या. विसरलेला माणूस लपवत नाही. २००५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, ५०,००० डॉलर दंड झाला. जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी गुप्त माहितीने भरलेल्या आठ वह्या आपल्या चरित्रलेखिकेला दिल्या, आणि या वह्यांमधलं काही अतिशय गोपनीय आहे असं ते स्वतः बोललेले एका मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडले. माहीत होतं की नव्हतं हा वादच तिथे संपला. २०१५ मध्ये दोन वर्षं प्रोबेशन आणि १,००,००० डॉलर दंड. हल्ली तर कॉम्प्युटर स्वतःच साक्ष देतो, फाईल कुणी कधी उघडली, कुणी छापली, रात्री अडीचला पेन ड्राइव्हवर कॉपी केली का. २०१७ मध्ये अमेरिकेत एक गुप्त अहवाल फुटला तेव्हा तो फक्त सहा जणांनी प्रिंट केलाय हे लॉगवरून लगेच कळलं होतं.

आपल्या पुरावा कायद्यात याचं एक छान उदाहरण दिलेलं होतं. एक माणूस विमा उतरवलेलं घर जाळल्याच्या आरोपात आहे, तो म्हणतो अपघात. पण तो एकामागून एक ज्या घरांत राहिला त्या प्रत्येकाचा विमा होता, प्रत्येकाला आग लागली, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या विमा कंपनीने पैसे दिले. एकदा लागली तर लागली, पण दरवेळी लागत नाही. शक्याशक्यतेचं गणितच आहे हे, फक्त कायद्याच्या भाषेत.

मग डोक्यात थेट डोकावता येणार नाही का? २०१७ मध्ये एका अमेरिकन संशोधक गटाने हे करून पाहिलं. एमआरआय मशीनमध्ये झोपलेल्या माणसांना ठरवायचं होतं, ही सुटकेस बॉर्डरपलीकडे न्यायची का. कधी सुटकेसमध्ये बेकायदा माल नक्की आहे हे माहीत, कधी फक्त शक्यता. मेंदूच्या हालचालीवरून मशीन लर्निंगला बरंच ओळखता आलं की माणूस "माहीत असून" करतोय की "पर्वा न करता". म्हणजे कायद्याने आखलेल्या या दोन पायऱ्या मेंदूतही खरंच वेगळ्या दिसतात, आणि मला हे फार थोर वाटतं. पण हे त्या क्षणी मशीनमध्ये असलेल्या माणसाचं. शुक्रवारच्या विरार लोकलमध्ये काय झालं ते सोमवारी स्कॅन करून कळणार नाही.

सुटकेसवरून मुंबईचाच एक खटला आठवतो. २८ नोव्हेंबर १९६२, सांताक्रूझ विमानतळ. झुरिकहून मनिलाला चाललेला एक जर्मन प्रवासी, अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं. तो विमानातून उतरलासुद्धा नव्हता. नुसतं आपल्या देशावरून पुढे जाणारं सोनंही विमानाच्या मालयादीत दाखवायला हवं हा रिझर्व्ह बँकेचा आदेश गॅझेटमध्ये आला होता २४ नोव्हेंबरला, म्हणजे चारच दिवस आधी. त्याला माहीत कसं असणार? मुंबई हायकोर्टाने सोडलं. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक मताने दोषी धरलं, का तर देशाचं परकीय चलन वाचवणाऱ्या या कायद्यात "माहीत नव्हतं" चालणार नाही. शिक्षा मात्र भोगली तेवढीच पुरे म्हटली. विरोधात गेलेले न्यायमूर्ती होते के. सुब्बा राव, आणि मला वाटतं बरोबर तेच होते.

बाबांच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. बॅग विसरणं हे मेंदूचं ओळखीचं दुखणं आहे. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे डेव्हिड डायमंड यांनी यावर काम केलंय, मागच्या सीटवर झोपलेलं मूल विसरून ऑफिसला जाणारे आईबाप कसे असतात यावर. रोजच्या सवयीचा रस्ता मेंदूचा एक भाग आपोआप चालवतो, आणि "आज वेगळं काहीतरी करायचंय" हे लक्षात ठेवणारा भाग त्यात दबून जातो, झोप कमी आणि ताण जास्त असेल तर जास्तच. बाबा रोज डबा हातात धरून उतरायचे. त्या दिवशी डबा हातात होता, बॅग रॅकवर. सवय पूर्ण झाली, मेंदूने काम झालं म्हणून सांगितलं.

पण चौकशी अधिकाऱ्यांनी हे काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त तीन गोष्टी पाहिल्या. फाईल घरी नेत असल्याची नोंद बाबांनी निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये केली होती, वेळ ५.४०. त्याच रात्री विरार स्टेशनमास्तरकडे तक्रार लिहून दिली होती, त्याची पोच खिशात होती. आणि शनिवारी सकाळी, नोटीस यायच्या दोन दिवस आधी, त्यांनी साहेबांच्या घरी जाऊन तोंडाने सांगितलं होतं. फाईल पुढे कधीच सापडली नाही. बाबांना निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात आहे, रिटायर झाल्यावर त्यांनी झेरॉक्स काढून घरी आणलं तेव्हा मी पाहिली. एकच ओळ आहे, आणि तिच्यात "नस्ती गहाळ झाली" असं लिहिलंय.