ऊन सोसणं वेगळं, ऊन चुकवणं वेगळं

वाळवंटातल्या सरड्याचा फोटो पाहिला की आपण ठरवूनच टाकतो, एवढ्या रणरणत्या उन्हात राहतो म्हणजे याला ऊन बाधतच नसणार. मग पुढचा विचारही ओघाने येतो. पृथ्वी दोन अंशांनी तापली तर हाल होतील ते माणसांचे, सरडे-सापांचं काय बिघडणार? उलट त्यांची चंगळच. या समजाच्या मुळाशी एक गल्लत आहे. उष्णता सोसायची ताकद आणि उष्णता चुकवायचं कसब, या दोन गोष्टी आपण एकच धरतो. बाहेरून पाहताना त्या सारख्याच दिसतात, कारण दोन्हींचा परिणाम एकच: प्राणी उन्हाळ्यात जिवंत असतो.

सोसणं म्हणजे शरीर तापल्यावरही चालू राहणं. प्रथिनांची घडी विस्कटत नाही, नसा आणि स्नायू एकमेकांचं ऐकतात, हृदय ताल सोडत नाही. हे सगळं शरीराच्या घडणीत असतं आणि ते मनात आणून बदलता येत नाही. चुकवणं म्हणजे शरीर तितकं तापूच न देणं: सावलीत सरकणं, बिळात शिरणं, दगडाच्या दुसऱ्या बाजूला जाणं, दुपार टाळून सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडणं. हा वागण्याचा भाग झाला.

सोसण्याची मर्यादा प्रयोगशाळेत मोजता येते. सरड्याला हळूहळू ऊब देत जायचं आणि मधूनमधून उताणं करायचं. ज्या तापमानाला त्याला पुन्हा सुलटं होता येत नाही, ती त्याची मर्यादा. त्या क्षणी तो मेलेला नसतो, लगेच थंड केला तर सावरतो. पण रानात त्याला थंड करायला कोण येणार? पाय साथ देईनासे झाले की सावली हातभर अंतरावर असली तरी गाठता येत नाही. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1944 साली वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या आपल्या अभ्यासात ही कल्पना मांडली. त्याच अभ्यासाने दुसरीही एक गोष्ट दाखवून दिली. ज्यांना आपण ‘थंड रक्ताचे’ म्हणतो, ते प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून दिवसभर आपलं तापमान बऱ्यापैकी ठरावीक पट्ट्यात ठेवतात.

आता आकडे शेजारी ठेवून पाहा. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला डेझर्ट इग्वाना हा उष्णता सोसण्यात अव्वल समजला जातो. भर दिवसा त्याचं शरीर 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे त्याचं ‘थंड’ रक्त आपल्या रक्तापेक्षा गरम. त्याची मर्यादा 47 अंशांच्या आसपास येते. आणि ज्या वाळूवर तो धावतो तिचा पृष्ठभाग उन्हाळ्यात 60 अंशांच्या पुढे जातो. म्हणजे सोसण्यातला हा पहिलवानसुद्धा त्या वाळूवर नुसता बसून राहिला तर वाचणार नाही. तो तिथे जगतो याचं श्रेय जेवढं त्याच्या शरीराला, तेवढंच किंवा त्याहून जास्त त्याच्या बिळाला आणि झुडपाखालच्या सावलीला द्यायला हवं.

आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात एक छोटा सरडा आहे, मेरोलेस अँकिएटी, फावड्यासारख्या चपट्या तोंडाचा. वाळू फार तापली की तो एक पुढचा आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा पाय उचलून धरतो, मग ते टेकवून दुसरे दोन उचलतो. शेपूटही वर. पाहणाऱ्याला तो नाच वाटतो. त्यानेही भागलं नाही की तोंड खुपसून सरळ वाळूत बुडी मारतो, कारण वरच्या तापलेल्या थराखाली वाळू झपाट्याने थंड होत जाते. हा सरडा उष्णता सोसतोय असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, अहो, तो तर जिवाच्या आकांताने ती चुकवतोय.

एवढ्यावर थांबलं तर कुणी म्हणेल की मग बरंच आहे. ऊन वाढलं तर हे प्राणी सावलीत थोडे जास्त वेळ बसतील. पण चुकवण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती तासांत असते. सावलीत बसलेला सरडा किडे पकडत नाही, जोडीदार शोधत नाही, आपल्या हद्दीवर लक्ष ठेवत नाही. शरीर गरम असलं की चयापचयही वेगाने चालतो, तापमान दहा अंशांनी वाढलं तर साधारण दुपटी-तिपटीने. म्हणजे बिळात बसून उपाशी राहणं उबदार हवेत अधिक महाग पडतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा मेक्सिकोतून आला. तिथे काटेरी खवल्यांच्या स्केलोपोरस सरड्यांच्या 48 जातींची 200 ठिकाणी 1975 ते 1995 या काळात नोंद झाली होती. संशोधक बॅरी सिनर्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे तीच ठिकाणं पुन्हा तपासली, तेव्हा 2009 पर्यंत त्यांतल्या 12 टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झालेले आढळले. अधिवास जागेवर होता, सरडे तेवढे नव्हते. युकातान भागात त्यांनी सरड्याच्या आकाराची, आत तापमानमापक असलेली नमुना-शरीरं उन्हात ठेवली. खरा सरडा तिथे बसला असता तर किती तापला असता, हे त्यावरून कळतं. मग हिशेब सरळ होता: दिवसातले किती तास सरड्याला बाहेर पडणं अशक्य होतं? जिथे हे बंदीचे तास वाढले होते, तिथेच सरडे संपले होते.

त्यातला कळीचा मुद्दा ऋतूचा आहे. नुकसान झालं ते वसंतात, विणीच्या काळात. तापमानवाढ उन्हाळ्यात झाली असती तर कदाचित निभावलं असतं. मादीच्या पोटात अंडी किंवा पिल्लं वाढत असतात तेव्हाच तिला सर्वांत जास्त खायला लागतं, आणि नेमके तेच तास कापले गेले. उन्हाने भाजून मेलेल्या सरड्यांचा खच कुठे पडला नाही. पिल्लं कमी होत गेली आणि एक दिवस सरडे दिसेनासे झाले. अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या जातींना धोका अधिक दिसला. त्या मुळात उंचावरच्या थंड भागात, कमी शरीरतापमानावर जगणाऱ्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जगभरासाठीही अंदाज दिला होता: 2080 पर्यंत सरड्यांच्या सुमारे 20 टक्के जाती नामशेष होऊ शकतात. हा आकडा बातम्यांमध्ये खूप फिरला. माझ्या मते त्या आकड्यापेक्षा तासांचा हिशेब जास्त मोलाचा आहे. भाकीत चुकू शकतं, पण सरडा सोसण्याच्या मर्यादेपासून लांब असतानाही संपू शकतो, ही गोष्ट त्या हिशेबाने पक्की केली.

सावली किती आहे एवढंच पुरत नाही, ती कशी पसरलेली आहे यावरही चुकवणं अवलंबून असतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात संशोधक मायकल सीअर्स आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या कुंपणांत सरडे सोडले आणि वर सावलीचं कापड ताणलं. काही कुंपणांत एकच मोठा तुकडा, काहींत तेवढ्याच क्षेत्रफळाचे छोटे-छोटे तुकडे विखुरलेले. विखुरलेल्या सावलीत सरड्यांना आपलं तापमान जास्त नेमकं राखता आलं, तेही कमी धावपळ करून. तेव्हा झाडी विरळ झाली, झुडपं काढून टाकली, तर हवेचं तापमान तेवढंच राहूनही सरड्याचा उन्हाळा बदलतो. माणसाला हात घालता येईल अशी ही बाजू असूनही हवामानाच्या चर्चेत ती क्वचितच येते.

आणखी एक गुंता आहे, आणि मला तो सगळ्यात रोचक वाटतो. चुकवणं जितकं चांगलं जमतं, तितकी सोसण्याची ताकद वाढायला कारण उरत नाही. निसर्गाची निवड चालते ती ज्यांना झळ बसते त्यांच्यावर. सगळेच सावलीत पळाले तर जास्त सोसणारा आणि कमी सोसणारा यांत फरक कशाने पडणार? याला बोगर्ट परिणाम म्हणतात. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानियोला बेटावरचे अ‍ॅनोलिस सरडे याचं सुरेख उदाहरण आहेत. समुद्रकिनाऱ्यापासून उंच डोंगरापर्यंत ते आढळतात, हवा कितीतरी बदलते, पण त्यांची उष्णता सोसण्याची मर्यादा जवळपास तीच राहते. डोंगरावरचे सरडे झाडांऐवजी मोठ्या दगडांवर ऊन खात बसतात आणि दिवसाचं गणित जुळवून घेतात. थंडी सोसण्याची ताकद मात्र उंचीनुसार चांगलीच बदललेली दिसते, कारण रात्री ऊन खायला कुठे जाणार? जे चुकवता येत नाही, तेच सोसायला शरीर शिकलं.

याची दुसरी बाजू त्याच समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटाच्या शहरांत दिसते. तिथल्या अ‍ॅनोलिस क्रिस्टाटेलस या सरड्यांना तापलेल्या भिंती आणि पत्र्यांवर वावरावं लागतं. जवळच्या जंगलातल्या भाऊबंदांपेक्षा त्यांची सोसण्याची मर्यादा जास्त असल्याचं, आणि त्यामागे जनुकीय फरक असल्याचं 2020 मध्ये दाखवून दिलं गेलं. म्हणजे सोसण्याची ताकद वाढूच शकत नाही असं नाही. पण लवकर वयात येणाऱ्या, दरवर्षी विणाऱ्या छोट्या सरड्याला जे साधतं, ते वयात यायला काही दशकं घेणाऱ्या समुद्री कासवाला त्याच वेगाने साधेल अशी अपेक्षा करणं कठीण आहे.

घनदाट पावसाळी जंगलातल्या सरड्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्यांना चुकवायची सवयच नाही. सावलीतच जन्म, सावलीतच आयुष्य, शरीर हवेइतकं गरम. जंगलाची सावलीच तापली तर आणखी थंड जागा उरत नाही.

राहिली अंडी. ती जागची हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वतीने चुकवायचं काम आई करते, तेही एकदाच, घरटं खणताना. आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांतल्या तीन पट्ट्यांच्या स्किंक या सरड्यावर सुमारे दहा वर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. हवा तापत गेली तशा माद्या अधिक खोल खणू लागल्या, अंडी लवकर घालू लागल्या. तरीही घरट्यांचं तापमान सुमारे दीड अंशाने चढलंच. अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं, त्यामुळे अंडी मरत नसली तरी हिशेब बिघडतो. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या घरट्यांतून आलेल्या हिरव्या समुद्री कासवांच्या लहान पिढीत 99 टक्क्यांहून जास्त माद्या असल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यामध्ये हेच उलट घडतं. तिथे घरटं तापलं की नर वाढतात.