पोत, हासळी आणि पटवेकऱ्याचा दोरा: खान्देशातल्या परवडणाऱ्या दागिन्यांची पार्श्वभूमी

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे बहुतेकांना पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांमुळे माहीत असतं. तिथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. असा मणी करायचा म्हणजे कवचाचा तुकडा फोडायचा, मधोमध भोक पाडायचं आणि मग दगडावर कडा घासून गोलाई आणायची. फुटण्याची भीती भोक पाडताना सर्वांत जास्त असते. म्हणून ते काम आधी उरकलेलं बरं, म्हणजे घासण्याची मेहनत वाया जात नाही. आज मातीचे दागिने करणारी बाईसुद्धा मणी ओला असतानाच सुईने भोक पाडते, कारण सुकल्यावर पाडलं तर तो दुभंगतो. त्यानंतरच्या काळाची साक्ष तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशे इथे मिळते. तिथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उघडी झाली.

तरीही खान्देश आणि दागिने म्हटलं की आधी जळगावचा सराफ बाजार डोळ्यांपुढे येतो. सुवर्णनगरी हे बिरुद खरंच आहे, पण त्याच्या झगमगाटात दागिन्यांची दुसरी, स्वस्त बाजू झाकली गेली. ही बाजू सोनाराच्या शेजारी बसून दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याची, धातू ओतणाऱ्या ओताऱ्याची, लाखेचं काम करणाऱ्या लाखेऱ्याची, कासाराची आणि बंजारा तांड्यावरच्या बायांची. आज जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ इथे घरातून हातचे दागिने करून विकणाऱ्या मुली-बाया याच बाजूच्या वारसदार आहेत. आणि या वारशात दागिना स्वस्त होण्याचं कारण माल हलका असणं एवढंच कधी नव्हतं. दागिना तुटला तर जोडून देणारा माणूस चार गल्ल्यांवर असे, हे त्याचं मोठं कारण.

पटवेकऱ्याचं काम नीट पाहिलं की हे उमगतं. सोनार डाग, म्हणजे दागिना, घडवतो; पटवेकरी तो ओवतो. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ताण धरायचा, रेशमाचे किंवा सुताचे पदर एकत्र पिळायचे, त्यांना मेण चोळायचं, मणी ओवायचे आणि शेवटी जरीची तार गुंडाळून गोंडा बांधायचा. चांगला पटवेकरी महागड्या मण्यांच्या मधे गाठ मारतो. त्यामुळे दोरा तुटला तर एखाद-दुसराच मणी निसटतो आणि मणी एकमेकांवर घासून झिजत नाहीत. १८ इंची माळेत ८ मिलीमीटरचे साधारण ५६ मणी बसतात. प्रत्येक मण्याआड गाठ घ्यायची तर मणी थोडे कमी लागतात, पण दोरा जवळपास दुप्पट लागतो. इथली मुख्य अडचण घामाची. सुती दोरा घामाने कुजतो आणि तुटतो तो बहुधा मानेमागे, जिथे तो सतत ओला असतो. नायलॉन कुजत नाही, पण वजनाने ताणला जातो आणि वर्षभरात माळ बोटभर लांबते. जड पोतीला विणलेला पॉलिस्टर दोरा त्यामानाने बरा टिकतो.

लाखेची गोष्ट थोडी वेगळी आहे. लाखेरी लाख निखाऱ्यावर मऊ करतो, तिच्यात दगडाची भुकटी मळतो, वळ्या ओढतो आणि लाकडी दांड्यावर फिरवून बांगडी करतो. पण खान्देशातल्या दागिन्यांत लाख बांगडीपुरती थांबली नाही. बोरमाळेचा मणी पातळ सोन्याच्या पत्र्याचा, आत पोकळ आणि लाखेने भरलेला असतो. चांदीची जाड दिसणारी कडी आणि तोडेही कित्येकदा असेच असतात. कमी धातूत भरीव डाग आणि पत्रा चेपायची भीती नाही, अशी ही युक्ती फार शहाणपणाची होती. तिचा तोटा मोडीच्या, म्हणजे जुना दागिना विकायच्या, वेळी कळतो. लाखेसकट वजन धरून चांदीचा हिशेब झाला तर घेणारा फसतो, लाख न गाळताच घट कापली तर विकणारा. म्हणून मोडीचं वजन लाख गाळूनच करायचं. असे दागिने गरम पाण्याने धुवायचेही नाहीत, आतली लाख ढिली होते आणि मणी आत खुळखुळू लागतो.

ओतारी पितळ-काशाची जोडवी, घुंगरं, घंटा ओततो. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, मेण वितळून गेलं की त्या जागी धातू. ज्या घरी चांदीची जोडवी परवडत नसत तिथे ही पितळ-काशाची जोडवी जात.

चाळीसगाव, पाचोरा, पारोळा या पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर दागिना आणि कपडा यांच्यात सीमारेषाच नाही. आभले, कवड्या, नाणी, रंगीत दोरा हे सगळं काचळीवर (चोळीवर) आणि फेटियावर (घागऱ्यावर) टाक्यांनी बसवलेलं असतं. केसांतली घुगरी-टोपली ही विवाहित बाईची खूण. हस्तिदंती बलियांच्या, म्हणजे बांगड्यांच्या, जागी आधी हाड आणि मग प्लास्टिक आलं. पुढे वन्यजीव कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने देशातल्या हस्तिदंताचा व्यापारच बंद झाला. चांदीच्या जागी जर्मन सिल्व्हर आलं. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त एवढंच असतं. आज शहरातल्या डिझायनर मुली कवड्या-आभल्यांची जी पर्स, कंबरपट्टा किंवा कीचेन करतात, तिचे टाके याच तांड्यांवरून आले आहेत. म्हणून नक्षी वापरताना काम तांड्यावरच्या बाईकडून करून घेतलं आणि तिला टाक्याचे पैसे दिले, तरच तो व्यवहार सरळ म्हणायचा.

आता चांदीविषयी सविस्तर, कारण खान्देशाच्या स्त्रीधनाचा कणा चांदीच होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचा भाव चढला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. कापूस पिकवणाऱ्या मुलखात वरकड पैसा ठेवायला बँक नव्हती. पैसा अंगावरच राही: हासळी (गळ्यातलं चांदीचं कडं), वाळे, तोडे, कंबरपट्टा, रुपयांची माळ. पीक बुडालं की तीच चांदी सावकाराकडे जाई. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात चांदीचा हा मान आजही दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात तो उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. चांदीच्या जोडीला बारीक काचमण्यांची विणलेली गळपट्टीही असते. ती सुई-दोऱ्याने घरीच होते आणि हातचं परवडणारं काम म्हणून खान्देशात तिला तोड नाही.

जुन्या नाण्यांच्या माळा आता पुन्हा मागितल्या जातात, तेव्हा हे माहीत हवं. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. तेव्हा माळेतल्या नाण्यावरचं साल आधी वाचायचं. साल पुसलेली दोन-तीन नाणी एकत्र बांधून किंवा साधा डाग घेऊन घरच्या घरी घनता काढता येते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्यायचा आणि डाग आधी कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. डाग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरायचा, मात्र तळाला किंवा काठाला तो लागता कामा नये. आता जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर चांगली चांदी, साडेनऊ म्हणजे निम्मी चांदी. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर साडेआठ-पावणेनऊ येतं. २० ग्रॅमपेक्षा हलक्या डागावर ही चाचणी करू नये, आकडा इतका लहान येतो की चूक झाकली जाते. लाख भरलेल्या आणि खडे बसवलेल्या डागावर तर ती चालतच नाही. चिकटलेले हवेचे बुडबुडेही उत्तर खाली ओढतात, म्हणून डाग पाण्यात एकदा हलवून घ्यायचा.

सोन्याकडून इमिटेशनकडे लोक वळले त्यात सरकारी नियमाचाही हात होता. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरच्या लहान सोनारांचं काम बसलं. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. याच काळात मुलामा दिलेला दागिना घराघरात शिरला. पुढे सोन्याचे भाव वाढत गेले आणि 'एक ग्रॅम सोन्या'ची दुकानं तालुक्याच्या गावीही उघडली. हा माल बहुतेक मुंबई-राजकोटकडून येतो, साच्यात निघतो आणि मुलामा उडाला की फेकला जातो. स्वस्त दागिना आणि दुरुस्ती यांचं जुनं नातं इथेच तुटलं. याच काळात आपण सर्वांत जास्त गमावलं, आणि ते पटकन लक्षात आलं नाही.

आजची हातच्या दागिन्यांची नवी लाट मुख्यतः बचत गटांतून आणि मोबाइलवरून आली. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' अभियान २०११ पासून. गटांचे गाळे प्रदर्शनांत लागू लागले, राख्या आणि हलव्याचे दागिने ही त्यांची पहिली हुकमी कमाई ठरली. हलव्याचं काम पाहण्यासारखं असतं: तीळ किंवा साबुदाणा मंद निखाऱ्यावरच्या परातीत, त्यावर चमचा-चमचा पाक, आणि हात सतत फिरता. दाण्यावर काटा चांगला येतो तो कडाक्याच्या थंडीत. ढगाळ, दमट दिवसात दाणा गुळगुळीत राहतो आणि ओवताना चिकटतो.

पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंवरून शिकलेली कृती खान्देशात जशीच्या तशी चालत नाही. त्याचं कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोरड्या झळांनी मातीचा मणी बाहेरून आधी सुकतो, आत ओल राहते आणि भट्टीत तो तडकतो. तो ओलसर फडक्याखाली, सावलीत, निदान चार-पाच दिवस सुकवावा लागतो. पेंडंटसाठी साच्यात ओतायच्या रेझिनचं कठीण होणं उष्णतेने वेगाने सुरू होतं, मिश्रण भांड्यातच तापतं आणि बुडबुडे अडकतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे, थोडं-थोडं मिश्रण करावं. रेझिन आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच घ्यायचं आणि मापाऐवजी वजनाचं सांगितलं असेल तर काट्यावर तोलायचं. प्रमाण चुकलं की पेंडंट कायम चिकट राहतं. हॉट ग्लूने चिकटवलेले खडे उन्हात उभ्या गाडीत ठेवले की सुटतात. कापडी आणि रेशीमदोऱ्याच्या बांगड्यांना म्हणूनच टाका हवा, नुसता ग्लू पुरत नाही.

घेताना डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा. कानातल्याची जम्प रिंग, म्हणजे लटकन अडकवणारी छोटी कडी, नखाने दाबून पाहायची, फट दिसली तर लटकन पडणारच. माळेचं क्रिंप, म्हणजे टोकाला दोऱ्यावर दाबून बसवलेली बारीक नळी, ओढून पाहायचं. 'ऑक्सिडाइज्ड' डागाचा हूक कशाचा आहे ते विचारायचं. निकेलचा असेल आणि घाम येत असेल तर कानाला खाज सुटते. फक्त हूक बदलून स्टीलचा किंवा चांदीचा लावून मिळतो, आणि हे काम खरी कारागीर दोन मिनिटांत करून देते. ती कचरत असेल तर माल बहुधा घाऊक बाजारातून आणलेला. तिला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न एकच: तुटलं तर जोडून द्याल का, आणि किती घ्याल?

शोधायचं कुठे, तर जत्रा आणि आठवडे बाजार अजूनही उत्तम. धुळ्याची एकवीरा देवीची चैत्री यात्रा, अमळनेरची वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा, दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. या शेवटच्या जत्रेत घोड्यांसाठी विणलेल्या गोंड्या-घुंगरांच्या साजाचे गाळे चुकवू नका. त्या दोऱ्यांचं विणकाम पिशवीच्या पट्ट्यालाही शोभतं. आणि श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसते तेव्हा नारळावरच्या तिच्या चेहऱ्यासाठी नथ आणि मण्यांचा साज लागतो. हातची नथ हवी असेल तर ती आषाढातच सांगून ठेवावी. मोती ओवायला २८ गेजची, म्हणजे जेमतेम ०.३२ मिलीमीटरची पितळी तार लागते. ती पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते, घाईत केलेल्या नथेची तार हमखास अशीच जाते. घरात जुनी पोत असेल तर तीही त्याच फेरीत पटवेकऱ्याकडे न्यावी. मणी आणि वाट्या मोजून, वजन करून, कागदावर लिहून द्याव्या आणि परत घेताना तोच कागद समोर ठेवावा.