केबलवर मराठी एचडी चॅनेल सुरू करताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

टीव्ही एचडी घेतला म्हणून चॅनेल आपोआप एचडी होत नाहीत. झी मराठी आणि झी मराठी एचडी ही दोन वेगळी चॅनेल आहेत, त्यांचे दरही वेगळे. एचडी चॅनेलसाठी सेट-टॉप बॉक्सही एचडीच लागतो. मागे एचडीएमआयची जागा नसेल, नुसत्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील, तर आधी बॉक्स बदलून घ्या.

पात्रतेची मोठी अट नाही. भाडेकरूलाही स्वतःच्या नावावर जोडणी घेता येते. ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत सहसा पुरते. भाड्याच्या घरासाठी भाडेकरार जवळ ठेवा. जुन्या ग्राहकाने बॉक्सवरचा व्हीसी (व्ह्यूइंग कार्ड) क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक हाताशी ठेवावा.

नवीन जोडणीचा अर्ज भरल्यावर त्याची प्रत मागून घ्याच, ती तुमच्या हक्काची आहे. बॉक्स विकत घेतला की भाड्याने, अनामत किती आणि त्यातली परत किती मिळणार, हे त्यावर लिहिलेले हवे. तोंडी ठरलेली अनामत परत मिळवताना फार त्रास होतो.

पैसे वाया जातात ते पॅक निवडताना. एकाच चॅनेलची एसडी (साध्या चित्राची) आणि एचडी आवृत्ती प्रसारकाच्या, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपनीच्या, एकाच पॅकमध्ये ठेवता येत नाही, असा ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) नियम आहे. पण एसडीचा पॅक तसाच ठेवून वर सुटे एचडी चॅनेल घेतले, तर एकाच मालिकेचे पैसे दोनदा जातात. म्हणून एचडी जोडताना एसडी काढायलाही त्याच वेळी सांगा. महिन्याला १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकमध्ये नसतेच, ते सुटेच घ्यावे लागते. बिलात चॅनेलच्या दराशिवाय नेटवर्क शुल्क (केबल जोडणीचे मासिक शुल्क) आणि १८ टक्के जीएसटी येतो.

मागणी नोंदवल्यावर बॉक्स चालू ठेवून तेच चॅनेल लावून ठेवा. परवानगीचा संदेश केबलमधूनच येतो. बॉक्स बंद असेल तर तो पोहोचत नाही आणि ‘सबस्क्राइब केलेले नाही’ हीच पाटी दिसत राहते.

चॅनेल लागले तरी चित्र पुसट दिसत असेल, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 576 वर अडकलेले असू शकते. ते 1080 करा. चित्राचे चौकोन पडत असतील, तर केबलचा सैल कनेक्टर किंवा दोन टीव्हींसाठी लावलेला स्प्लिटर तपासा. एवढे करूनही चॅनेल लागले नाही, तर ग्राहक सेवा केंद्रात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढे नोडल अधिकाऱ्याकडे (न सुटलेल्या तक्रारी पाहणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे) जायचे झाले तर तोच क्रमांक विचारतात.