नेफ्यात अडकलेली गाठ: हाताच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

अनामिका हळूच मिटून पाहा. एवढ्याशा हालचालीसाठी दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या; डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात) एका अरुंद नळीतून सरकतात. वरची कंडरा बोटाच्या मुळाशी दुभंगते आणि खालची त्या फटीतून निघून थेट शेवटच्या पेरापर्यंत जाते. एकाच नेफ्यात दोन नाड्या ओवाव्यात तसं. तुटलेल्या नाडीला गाठ मारली की ती नेफ्यात अडकते. हाताच्या शस्त्रक्रियेचा निम्मा इतिहास या अडकलेल्या गाठीचा आहे.

सुरुवात मात्र दुसऱ्याच दुखण्यापासून झाली. 1831 मध्ये पॅरिसच्या ऑतेल-द्यू रुग्णालयात गियोम द्युप्वित्रां यांनी एका वाइनच्या व्यापाऱ्याचा हात उघडला. त्याची अनामिका आणि करंगळी तळहाताकडे ओढली जाऊन तशीच राहिली होती. कंडरा आखडल्यामुळे असं होतं, असा तेव्हाचा समज. एका मृत वृद्धाच्या हाताचं विच्छेदन करून द्युप्वित्रां यांनी पाहिलं होतं, की कंडरा निर्दोष असतात. आखडतो तो कातडीखालचा तंतुमय पडदा. लंडनच्या हेन्री क्लाइन आणि अ‍ॅस्टली कूपर यांच्या हे आधीच लक्षात आलं होतं, पण दुखण्याला नाव लागलं द्युप्वित्रां यांचं. भूल देण्याची सोय यायला तेव्हा पंधरा वर्षं होती, म्हणजे तो व्यापारी सगळा वेळ शुद्धीवर होता.

त्यानंतरची शंभर वर्षं हाताकडे स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच पाहिलं गेलं. पोट, छाती, डोकं यांच्यापुढे बोटाला कोण विचारतो? हाताची जखम बहुधा नवख्या डॉक्टरकडे जायची. मला या इतिहासातली ही सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते, कारण यंत्रात सापडणारा हात कष्टकऱ्याचा असतो आणि त्याचं घर त्याच हातावर चालतं.

तळहातावरच्या शेवटच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग सर्वांत अवघड. अमेरिकेतल्या स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं. त्यांचा सल्ला होता की इथे कंडरा कापली गेली तर लगेच शिवू नका. कातडी बंद करा, जखम भरू द्या आणि मग दुसरीकडची कंडरा आणून बसवा. बनेल यांचा शब्द पुढे कित्येक वर्षं प्रमाण मानला गेला.

याच काळात इंग्लंडच्या ग्रिम्सबी बंदरात गाय पल्व्हरटाफ्ट हाडांचे डॉक्टर होते. मासेमारीचं गाव, त्यामुळे जखमी हातांचे कोळी त्यांच्याकडे सारखे यायचे. त्या हातांनीच त्यांना या विषयाकडे ओढलं. पुढे डर्बीत त्यांनी कंडरारोपणाचं काम इतकं नेटकं केलं, की एका कंडरेत चिरा पाडून दुसरी तिच्यातून आळीपाळीने विणून घेण्याची रीत आजही ‘पल्व्हरटाफ्ट विणकाम’ म्हणूनच शिकवतात. वेणी घालावी तशी ती रचना असते आणि ओढ सगळ्या विणीवर वाटली जाते.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे क्लोद व्हेर्दां एक पाऊल पुढे गेले. त्यांनी हाताचे विभाग पाडून दिले आणि 1960 मध्ये मांडलं, की निषिद्ध भागातसुद्धा कंडरा सुरुवातीलाच शिवता येते. शिवणीवर ताण येऊ नये म्हणून ते कापलेली टोकं बारीक पिना टोचून जागेवर धरत. 1967 मध्ये अमेरिकेत हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी तसेच निकाल दाखवले. शिवलेलं बोट रबर बँडच्या मदतीने लवकर हलवत ठेवायचं, ही त्यांची पद्धत. बोट हलतं राहिलं की गाठ नेफ्याला चिकटत नाही.

पॅरिसजवळच्या नान्तेरमध्ये मार्क इझ्लँ यांनी वेगळाच धडा घालून दिला: चिरडलेला हात आधी स्वच्छ करा, मग काही दिवस थांबून शांतपणे दुरुस्त करा.

बोट हललं तरी त्याला काही कळत नसेल तर? हा प्रश्न धसास लावला स्वीडनच्या योटेबोर्यमधल्या एरिक मोबेरी यांनी. संवेदना गेलेला हात त्यांच्या लेखी आंधळा होता. त्यांचं तपासणीचं साधन काय, तर वाकवलेली कागदाची क्लिप! तिची दोन टोकं बोटाच्या अग्राला एकदम टेकवायची आणि रुग्णाने डोळे मिटून सांगायचं, एक की दोन. निरोगी बोटाला सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतरही ओळखू येतं. दुसऱ्या चाचणीत टेबलावरच्या बारीकसारीक वस्तू उचलून डब्यात टाकायच्या, एकदा डोळे उघडे ठेवून आणि एकदा बांधून.

पश्चिम जर्मनीत 1957 ते 1961 दरम्यान थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध विकलं गेलं, गरोदर बायकांनीही ते घेतलं आणि हजारो मुलं अधुऱ्या हातापायांनी जन्मली. अंगठाच नसलेल्या मुलांची तर्जनी सोडवून, आखूड करून, फिरवून तिचा अंगठा करण्याची शस्त्रक्रिया हॅम्बुर्गच्या डीटर बुक-ग्राम्को यांनी घडवली आणि 1971 मध्ये सविस्तर मांडली. तुटलेली नस (संवेदना वाहणारा मज्जातंतू) ताणून न जोडता मध्ये नसेचाच तुकडा घालावा, हे व्हिएन्नाच्या हानो मिलेसी यांनी पटवलं.

आपल्याकडे हा धागा आला तो वेल्लोरला. पॉल ब्रँड या इंग्रज डॉक्टरांनी तिथे 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात कुष्ठरुग्णांच्या लुळ्या बोटांसाठी चांगल्या स्नायूंच्या कंडरा वळवायला सुरुवात केली. या हातांना चटका कळत नव्हता, म्हणून ब्रँड शस्त्रक्रियेइतकाच वेळ रुग्णांना हात जपायला शिकवण्यावर घालवत. पुढे मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि सळयांची, बाहेरून हाड धरणारी ‘जेस’ चौकट तयार केली. चिरडलेल्या हातापासून लहान मुलांच्या वाकड्या पावलांपर्यंत ती वापरली जाते.