३६ दिवसांचं गणित

३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात एकाच दिवशी नऊ न्यायाधीशांचा शपथविधी झाला. त्यांत तीन महिला होत्या. हिमा कोहलींना तेव्हा ६२ वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते, बेला त्रिवेदी ६१च्या, तर बी. व्ही. नागरत्ना ५८च्या. इथे निवृत्ती ६५व्या वर्षी. त्यामुळे कोहली २०२४मध्ये निवृत्त झाल्या, त्रिवेदी २०२५मध्ये.

सरन्यायाधीशपद प्रथेने ज्येष्ठतेनुसार मिळतं. ही ज्येष्ठता वयाची नसते, शपथेच्या तारखेची असते. तारीख एकच असेल तर शपथेच्या क्रमाची. त्या दिवशी विक्रम नाथ यांनी नागरत्नांच्या आधी शपथ घेतली. नाथ यांचा जन्म २४ सप्टेंबर १९६२चा, नागरत्नांचा ३० ऑक्टोबर १९६२चा. प्रथा मोडली नाही, तर नाथ निवृत्त झाल्यावर २०२७मध्ये नागरत्ना देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. किती दिवस? दोघांच्या वाढदिवसांत जेवढं अंतर, तेवढेच: ३६.

म्हणजे कळीचा मुद्दा आहे प्रवेशाच्या वेळचं वय. पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयात आल्या, तेव्हा त्या केरळ उच्च न्यायालयातून निवृत्तही झालेल्या होत्या. जेमतेम अडीच वर्षं मिळाली. न्यायालय स्थापन होऊन तोवर ३९ वर्षं उलटली होती!

‘खालून मुली येताहेत, वरचं चित्र आपोआप बदलेल’ असं बरेचजण म्हणतात. जिल्हा पातळीवर महिला न्यायाधीश ३६ टक्क्यांच्या आसपास आहेत हे खरंच. तिथे परीक्षा देऊन शिरता येतं. पण उच्च न्यायालयांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आगेमागेच राहिलं आहे, कारण तिथल्या बहुतेक नेमणुका थेट वकिलांमधून होतात. वकिलांत महिला जेमतेम १५ टक्के, आणि निवड कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाच्या हाती.

शिवाय खालून वर यायला वेळ लागतो तो वेगळाच. त्रिवेदी १९९५मध्ये अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात न्यायाधीश झाल्या, २०११मध्ये उच्च न्यायालयात पोचल्या आणि आणखी दहा वर्षांनी दिल्लीत. त्यांची सुरुवातही तळाच्या पायरीवरून नव्हती. कनिष्ठ स्तरापासून सुरू करणारी मुलगी उच्च न्यायालयात पोचते, तेव्हा ६२व्या वर्षीची तिथली निवृत्ती बहुधा चार-पाच वर्षांवर आलेली असते.